तांबूचा कान

"गायीचा विमा उतरवा, तरच ती या घरात राहील," असं मी अण्णांना ठणकावून सांगितलं, तेव्हा माझा बेत साधा होता. अण्णा कंटाळतील आणि गाय जिथून आली तिथे परत जाईल. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांची उभी हयात अंबरनाथच्या एका रंगांच्या कारखान्यात खरेदी अधिकारी म्हणून गेली होती. अशा माणसाला अट घालणं म्हणजे आयतं काम हातात देणं, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मी तापले की माझं असंच होतं.

खरं तर ती गायसुद्धा नव्हती. कालवड होती, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं नुकती फुटायला लागलेली. बदलापूरला शिरगावात आम्ही तेव्हा नवंच घर बांधलं होतं. त्याला बंगला म्हणायची माझी छाती होत नाही, पण मागे मोकळी जागा होती आणि कुंपणापलीकडे भातशेती. त्या जागेत मी अबोली लावणार होते. आता तिथे कालवड उभी होती आणि अबोलीच्या वाफ्यात शेण पडलं होतं.

ती आली कशी, ते सांगते. आदल्या वर्षी माझ्या सासूबाई, वृंदाबाई, गेल्या. उल्हासनगरच्या एका इस्पितळात बरेच दिवस होत्या आणि अण्णा त्यांच्या उशाशी बसून असायचे. शेवटी शेवटी त्यांचे कान सुजले. मान वळवली की मोत्यांच्या कुड्या रुतायच्या, म्हणून अण्णांनीच एक दिवस हलक्या हाताने त्या काढल्या आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवल्या. पुढे सासूबाई गेल्या, आणि अण्णा मागच्या खिडकीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. आजारी नव्हते, हट्टही करत नव्हते. जेवायला हाक मारली की यायचे, जेवून पुन्हा खुर्चीत. मांडीवर पेपर उघडा, पान सकाळपासून तेच.

श्यामकांत, माझे यजमान, सकाळी कामाला जायचे ते दिवेलागणीला यायचे. "वेळ लागतो माणसाला," म्हणायचे. त्यांना बोलायला काय जातंय? दिवसभर ती खुर्ची मला बघावी लागायची. मला तिचा रागराग यायचा. माणूस आपल्या डोळ्यांदेखत झिजत चाललाय आणि आपण फक्त त्याच्यासमोर चहाचा कप ठेवू शकतो, या विचाराने माझं डोकं फिरायचं.

आमच्याकडे दूध घालायला वेणूबाई यायची. गावातलीच, शेतकऱ्याघरची, तोंडाने तिखट. थंडीच्या दिवसांत एकदा पायरीवर बसून ती मला सांगत होती, "तांबूला म्हशाच्या जत्रंला, गुरांच्या बाजारात, धाडतंय पोरगा. इकून टाकतो बोलतंय. गोठ्यात जागा नाय वो दुसरी."

आतून आवाज आला, "कोणाला विकणार?"

मी दचकलेच. सासूबाई गेल्यापासून अण्णांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. वेणूबाई म्हणाली, "जो घील त्याला." दुसऱ्या दिवशी अण्णा टोपी घालून बाहेर पडले आणि येताना हातात दावं, दाव्याच्या टोकाला तांबू. स्वतःच्या गाठीच्या पैशांनी घेतली होती. पोराच्या पगारातून आपली हौस करायची नाही, हा त्यांचा बाणा, आणि तो मोडायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा वाजता अण्णा तांबूला घेऊन निघायला लागले. चरायला नव्हे, फिरायला. दावं सैल धरलेलं, दुसरा हात पाठीमागे, शिरगावच्या रस्त्याने सरळ शेतांच्या बांधापर्यंत. ती वाटेत थांबली की हेही थांबायचे. मग कोणीतरी हटकायचं, "काय अण्णा, गाय का कुत्रा?" अण्णा उत्तर द्यायचे. उत्तरावर उत्तर यायचं. घरी येईपर्यंत त्यांच्याकडे गावभरच्या बातम्या जमलेल्या असायच्या आणि त्या ते जेवताना आम्हाला सांगायचे.

मला आनंद झाला, खूप झाला. पण त्याच्या पाठोपाठ धास्ती बसली. जनावराचा काय भरवसा? काहीबाही खाल्लं, काही चावलं, गेलं. मग अण्णा त्या खुर्चीत परत जाऊन बसतील, आणि या वेळी उठायचे नाहीत. माझं भांडण कालवडीशी नव्हतंच, खुर्चीशी होतं. जायची असेल तर जीव जडायच्या आत आत्ताच जाऊ दे, नाहीतर तिच्यामागे काहीतरी सोय हवी, असं माझ्या मनात चाललेलं. त्यात तिने वाळत घातलेली माझी साडी चघळली, आणि तोंडून विमा निघाला.

"स्कूटरचा विमा आहे, घराचा आहे, मग हिचा का नको?" मी म्हणाले.

अण्णांनी चष्मा पुसला. "तुझं बरोबर आहे, कुमुद. विमा म्हणजे बदलीची हमी. यंत्र मोडलं तर यंत्र येतं, काम थांबत नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर फूलस्केप कागद, कार्बन आणि पट्टी. विम्याच्या चार सरकारी कंपन्या, चौघींना चार पत्रं, दरपत्रक मागवलेलं. उत्तरं आली तशी अण्णांनी कागदावर रेघा मारून कारखान्यात करायचे तसा तुलनात्मक तक्ता केला. चारही रकान्यांत दर एकच. अटी त्याच. अगदी स्वल्पविरामही तेच असावेत.

"आता निवडणार कसं?" मी विचारलं. मला हसू आवरत नव्हतं.

अण्णांनी एक पत्र पुढे केलं. "तिघांनी लिहिलंय, आपले जनावर. याने लिहिलंय, आपली कालवड. याने माझं पत्र वाचलंय."

अशी आमची कंपनी ठरली. तिचा जवळचा एजंट उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. मला ब्लाउजपीस घ्यायचे होते, म्हणून मीही अण्णांबरोबर गेले. कापडाच्या दुकानावर अरुंद जिना, वर चंदरचं ऑफिस. चंदर सिंधी, गोलमटोल, बोलायला गोड. आम्ही बसायच्या आत त्याने खाली ओरडून चहा सांगितला.

"बोलो साईं, किसका बीमा? दुकान? गाडी?"

"गाय," अण्णा म्हणाले.

"अच्छा, तबेला है आपका?"

"नाही. एकच आहे."

"दूध किती देते?"

"देत नाही. लहान आहे अजून."

"मग ती करते काय?"

अण्णा जरा विचारात पडले. कागदावर जाणाऱ्या गोष्टीत खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "माझ्याबरोबर फिरायला येते," ते म्हणाले.

चंदरने पेन खाली ठेवलं. "अण्णा, मग ये तो कुत्ते का केस हो गया. शौक का जानवर. कुत्र्याची पॉलिसी वेगळी असते. हरवला, चोरीला गेला, तरी मिळतं. गायीला तसं नाही. गाय मेली तरच, आणि तेपण कानात कंपनीचा बिल्ला पाहिजे. कान में बिल्ला नहीं तो क्लेम नहीं, पत्थर की लकीर."

अण्णांना कुत्र्याची पॉलिसी फार आवडली. "माल वापरावरून ठरतो," ते म्हणाले. "ही हौसेची आहे, फिरायला येते. तिला कुत्र्याच्या पॉलिसीत घाला."

"मैं तो डाल दूँ, साईं. पण साहेब तपासायला येणार. त्याला शिंग दिसणार."

मी फसकन हसले. अण्णांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग स्वतःच हसले, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते तसे शेवटचे कधी हसले होते ते मला आठवेना. ब्लाउजपीस घ्यायचे राहूनच गेले.

पुढच्या आठवड्यात गुरांचे डॉक्टर आले, हातात लांब दांड्याचा चिमटा आणि चिमट्याच्या तोंडाला पितळेचा बिल्ला, त्यावर नंबर कोरलेला. "कान टोचायचा?" अण्णांचा चेहरा उतरला. तांबूच्या गळ्यात हात टाकून ते तसेच उभे राहिले. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात वेणूबाई आली आणि तिने सगळा ताबा घेतला.

"पोरीची जात, कान तं टोचायलाच पायजे," ती म्हणाली. "माज्या पोरी काय रडल्या नसतील? गूळ हाय का गो घरात? हळदकुंकू आण, तेल आण. असा सुका कान कुनी टोचतंय का?"

मी हळदकुंकू आणलं, गूळ आणला, खोबरेल आणलं. वेणूबाईने तांबूच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर कुंकू लावलं आणि कानाला तेल चोळलं. अण्णांनी तळहातावर गूळ धरला. तांबू गूळ चाटण्यात गुंग असताना डॉक्टरांनी चिमटा दाबला. तिने असा काही हंबरडा फोडला की पलीकडच्या शेतातली माणसं कुंपणाशी आली. अण्णांनी त्या सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. "एवढे बिल्ले मारले," डॉक्टर हात धुताना म्हणाले, "पण कानटोचणीला साखर पहिल्यांदाच खाल्ली."

कान मात्र चिघळला. माश्या बसायला लागल्या, हळद भरून भागेना. तांबू सारखी डोकं झटकायची, आणि झटकलं की बिल्ला जखमेत फिरायचा. अण्णा दिवसभर पंचा घेऊन माश्या वारत तिच्यापाशी बसायचे. एका दुपारी मी मागे गेले तर त्यांच्या हातात पक्कड, आणि बिल्ला वाकडा होऊन बाहेर आलेला.

"बरा झाला की परत घालू," ते म्हणाले.

बिल्ला त्यांनी सरळ केला, धुतला आणि लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवला, सासूबाईंच्या कुड्या ज्या डबीत होत्या त्याच डबीत. कान यथावकाश बरा झाला. मी एकदा विचारलं, "अण्णा, बिल्ला?" ते म्हणाले, "जागेवर आहे." खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. कंपनीची वस्तू, नंबर कोरलेली, आणि ती काय झुडपांतून हिंडणाऱ्या कालवडीच्या कानात लोंबकळत ठेवायची? कुठे अडकून पडली तर? आमच्यासारख्यांच्या घरात जे महत्त्वाचं ते कपाटात. रेशनकार्ड कपाटात, चांगल्या चादरी कपाटात, गायीच्या कानातला बिल्लाही कपाटात. चंदरचं बोलणं मी साफ विसरले होते.

भात निसवायच्या दिवसांत, एका सकाळी, मी मागे पाणी ठेवायला गेले आणि तांबू उठली नाही. श्यामकांत पहिल्या पाळीला निघून गेले होते. मी अण्णांना हाक मारली. हाकेतच त्यांना कळलं असावं, कारण ते अनवाणीच आले. दुधाची किटली घेऊन वेणूबाई आली, तिने तांबूचा मागचा पाय उचलून पाहिला, खुराच्या वरची सूज दाबली आणि हळूच खाली ठेवला.

"पान लागलंय हिला," ती म्हणाली. इथे सापाचं नाव घेत नाहीत.

अण्णा ओल्या मातीत बसले. तांबूच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने उठले, पाय धुतले, आत गेले आणि खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

ज्याला मी वर्षभर भीत होते ते माझ्यासमोर होतं, आणि पेपरसुद्धा मांडीवर होता. मी शेजाऱ्यांकडे गेले, त्यांच्या फोनवरून चंदरला गाठलं. त्याने "अरेरे" म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि कंपनीचा माणूस लगेच पाठवतो म्हणाला. माझं गणित सरळ होतं. भरपाई आली की दुसरी कालवड येणार. वेणूबाईची गाय गाभण होतीच. अण्णांच्या गाठीला आता फारसं उरलं नव्हतं, आणि आमच्या पैशांची गाय ते दारात उभी करू देणार नाहीत, पण विम्यातून आलेली चालेल. ती बदली. ती त्यांच्या नियमात बसते. काम थांबत नाही.

कंपनीचे इन्स्पेक्टर, दिनानाथ त्यांचं नाव, जेवणाच्या आधीच स्कूटरवरून आले. मध्यमवयीन, घामाघूम, शांत माणूस. त्यांनी तांबूला पाहिलं, पाय पाहिला, मग कान पाहिला.

"बिल्ला कुठंय?"

"आहे ना!" मी म्हणाले. धावत गेले, लॉकर उघडला, डबी घेऊन आले आणि झाकण उघडून त्यांच्यासमोर धरली. अगदी मिरवत. बिल्ला चकचकीत होता, एक ओरखडा नव्हता.

दिनानाथ डबीकडे बघतच राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "हा कानात हवा होता."

तेव्हा मला चंदर आठवला. मी जखमेचं सांगितलं, माश्यांचं सांगितलं, डॉक्टरांना विचारा म्हणाले. ते मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. आत अण्णा बसलेले दिसत होते.

"गाय त्यांची?"

"हो."

दिनानाथांनी कागद परत पिशवीत घातले. "मी कोपऱ्यावर चहा घेऊन येतो," ते सावकाश म्हणाले. "तुम्ही तोवर कान पुन्हा नीट बघून ठेवा. कधीकधी केसांत दडलेला असतो, माझ्या नजरेतून सुटला असेल. आल्यावर मी पहिल्यांदाच बघतोय असं समजा." आणि खरोखरच स्कूटर तिथेच सोडून ते चालत गेले.

मी पक्कड आणली. मला यात अजूनही काही वावगं वाटत नाही. विमा खरा, बिल्ला खरा, गाय खरी, आणि मेलीही खरीच. मी तांबूच्या डोक्याशी बसले, कान हातात घेतला. भोक बुजलं होतं. नुसती एक गाठ हाताला लागत होती. म्हणजे परत टोचावं लागणार. मी बिल्ल्याचं टोक त्या गाठीवर ठेवलं.

"काय करतेस, कुमुद?"

अण्णा मागे उभे होते. खुर्चीतून त्यांना सगळं दिसत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बिल्ला घालते. जरा मान धरा."

ते धरेनात. मी वैतागले. "अण्णा, साहेब चांगला माणूस आहे म्हणून एवढी संधी मिळाली. बिल्ला असला की दुसरी कालवड येईल. तुम्हीच म्हणाला होतात ना, यंत्र मोडलं तर यंत्र येतं?"

"म्हणालो होतो."

"मग?"

ते माझ्यासमोर बसले आणि माझ्या हातातून पक्कड काढून घेतली, न रागावता. "जिवंत होती तेव्हा दुखतं म्हणून काढला," ते म्हणाले. "आता दुखणार नाही म्हणून घालायचा?"

माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. "पण तेव्हा तुम्हाला कलम माहीत असतं तर..."

"माहीत होतं. कलम वाचूनच काढला होता." त्यांनी तांबूचा कान सरळ केला, त्यावरची माती पुसली. मग खाली बघत म्हणाले, "हिच्या वेळी तुम्ही बायकांनी घातल्यात. मी दारात उभा होतो. काही बोललो नाही."

हिच्या म्हणजे सासूबाईंच्या, हे कळायला मला क्षणभर लागलं. मग ती सकाळ जशीच्या तशी आठवली. हिरवी साडी, मळवट, आणि श्यामकांतांच्या आत्याबाई म्हणाल्या होत्या, सवाष्ण बाई अशी ओक्या कानांनी नाही जायची, कुड्या घाला. सुजून भोकं आवळली होती. आत्याबाईंनी जोर लावला होता, आणि मी सासूबाईंचं डोकं धरलं होतं. न्यायच्या आधी त्या परत काढल्या, डबीत ठेवल्या. सगळ्यांनी तसंच केलं असतं. पण दारात उभं राहून कोणी ते बघत असेल, हे आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं.

मी बिल्ला डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

दिनानाथ परत आले तेव्हा अण्णा उभे राहून त्यांची वाट बघत होते. "साहेब, बिल्ला कानात नव्हता," ते म्हणाले. "मीच काढला होता. तसंच लिहा."

दिनानाथांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी तसंच लिहिलं, अण्णांची सही घेतली, आणि जाताना तांबूपाशी थोडं थांबून मग स्कूटर सुरू केली.

दुपारी वेणूबाईच्या मुलाने आणि गावातल्या माणसांनी तांबूला त्यांच्या शेताच्या कडेला पुरलं. अण्णा सोबत गेले, मिठाचं पोतं स्वतः ओतलं. घरी येऊन आंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तांबूसाठी रडले, सासूबाईंसाठी रडले, आणि सगळ्यात जास्त रडले ती रागाने. अण्णांचं बरोबर होतं आणि त्या बरोबर असण्याने त्यांनी स्वतःचं दार बंद करून घेतलं होतं. आता दुसरी कालवड नाही. आता खिडकी, पेपर आणि माझा चहाचा कप. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं तेव्हा जिथे होतो, तिथेच परत.

चहा ठेवला, पण न्यायची हिंमत होईना. घड्याळाकडे बघत ओट्याशी उभी राहिले. सहाचे ठोके पडायला लागले तसं मी कान झाकून घेतले. रोज या ठोक्यांना मागे तांबूच्या गळ्यातली घंटा वाजायची, ती उठून उभी राहायची म्हणून.

ठोके संपले, आणि खुर्ची करकरली.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले. डोक्यावर टोपी होती. "कुमुद," ते म्हणाले, "चप्पल घाल."

मी गॅस बंद केला, तोंडावर पाणी मारलं आणि निघाले. आम्ही शिरगावच्या रस्त्याला लागलो. अण्णांचा एक हात पाठीमागे होता, दुसरा पुढे, मूठ अर्धवट मिटलेली, दावं धरायचे तशी. जिथे जिथे तांबू थांबायची तिथे ते थांबले, मी पण थांबले. तिला कुठलं कुठलं गवत आवडायचं ते मला त्या दिवशी कळलं. लोक बघत होते, पण हटकत कोणी नव्हतं. बातमी सगळीकडे पोचलेली होती.

वळणावर वेणूबाई तिच्या दारात बसली होती. डोळे रडून सुजलेले. तांबू तिच्या गोठ्यात जन्मली होती, तिलाही कमी दुःख नव्हतं. तिने अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्याने राहवेना.

"काय वो अण्णा," ती म्हणाली, "आज सुनेला फिरवाया काढलाव काय?"

आता हे इथूनच मागे वळतील, असं वाटलं. अण्णा थांबले. त्यांनी चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कारखान्यात आलेला माल तपासायचे तसं, अगदी सावकाश.

"हो," ते म्हणाले. "हिचे कान टोचलेलेच आहेत."

वेणूबाईने तोंडाला पदर लावला आणि खदखदा हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला असा हुंदका फुटला की रस्त्यातच उभी राहिले. अण्णा पुढे गेले नाहीत. तांबूसाठी थांबायचे तसेच माझ्यासाठी थांबून राहिले, माझं आवरेपर्यंत, आणि मग आम्ही बांधापर्यंत जाऊन आलो.